तुटक्या हाताची गोष्ट

सातारा

प्रिय माऊ,

‘कानाझावा सेन्सेई हात मोडलेला असताना लढले आणि जिंकले, मग मी का नाही?’ हा तुझा मेसेज कालपासून डोक्यातून जात नाहीये. मोडलेल्या मनगटाने रविवारच्या कराटे स्पर्धेत उतरायचा तुझा हट्ट मला पटत नाही. फोनवर आपण दोघीही लगेच चढ्या आवाजात जातो, म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच.

गोष्ट खरीच आहे. १९५७ साली टोकियोत जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा भरली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तुमच्या शोतोकान कराटेचे जनक फुनाकोशी गुरुजी गेले होते, त्यामुळे त्यांच्या शिष्यांना या स्पर्धेचं किती वाटत असेल याचा अंदाज येतो. हिरोकाझू कानाझावा तेव्हा २६ वर्षांचे. तोंडावर स्पर्धा आणि सरावात हात मोडला. नाव मागे घेण्याच्या विचारात असताना आई दारात हजर, थेट उत्तर जपानातल्या इवातेहून, लेकाला लढताना बघायला. ती म्हणाली, दुसरा हात आहे ना, आणि दोन पाय आहेत. ते उतरले, आणि कुमितेचं, म्हणजे समोरासमोरच्या लढतीचं, विजेतेपद त्यांनाच मिळालं.

त्या माउलीबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण मी तुला तसं सांगणार नाही. फटका अंगाला लागण्याआधी थांबवायचा असतो हे मला माहीत आहे, इतकी वर्षं तुझ्या स्पर्धांना प्रेक्षकांत बसलेय. पण ब्लॉक घेताना, म्हणजे समोरचा वार हाताने अडवताना, हाडावर हाड आपटतंच. आणि मनगटाचं ते बारीक हाड नीट जुळलं नाही तर जन्माचं दुखणं होतं, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलंय.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. तू त्या माणसाचा एक दिवस उचललास आणि उरलेली ६२ वर्षं सोडून दिलीस. ते ८ डिसेंबर २०१९ला गेले, वयाच्या ८८व्या वर्षी. मधल्या काळात काय केलं त्यांनी? शिकवलं. आणि तेही बहुतेक परक्या मुलखात.

१९६१मध्ये असोसिएशनने त्यांना हवाईला पाठवलं. मग १९६५ साली कासे, एनोएदा, शिराई हे असोसिएशनचेच शिक्षक आणि कानाझावा असे चौघे जण युरोपात प्रात्यक्षिकं द्यायला निघाले. जपानी कराटे म्हणजे काय हे तिथे फार थोड्यांना ठाऊक होतं. या चौघांतून पुढे काय उभं राहिलं बघ. कासे फ्रान्समध्ये स्थिरावले, शिराई इटलीत. एनोएदा आधी लिव्हरपूलला आणि मग लंडनला शिकवत राहिले, थेट २००३मध्ये जाईपर्यंत. इंग्लंडमध्ये त्यांना ‘टायगर’च म्हणायचे. कानाझावा इंग्लंडमध्ये राहिले, मग जर्मनीत गेले.

मला या चौघांचं फार अप्रूप वाटतं. समोर आपल्यापेक्षा वीतभर उंच, वजनाने भारी माणसं उभी. त्यांना कंबर कशी वळवायची, टाच कुठे टेकवायची, श्वास कधी सोडायचा हे शिकवायचं, आणि तेही परक्या भाषेत. अशा वेळी शिक्षकाचं शरीर हाच फळा. तीच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, रोज करून दाखवायची, सकाळच्या वर्गाला आणि संध्याकाळच्याही. त्यासाठी सांधे, मनगटं, गुडघे शाबूत लागतात. एक स्पर्धा जिद्दीवर निभावून नेता येते गं, पण शिकवणं नाही निभावता येत.

आणि कानाझावांना हे कळलं होतं असं मला वाटतं. एवढा नामांकित कराटेपटू, पण ताय ची हे चिनी तंत्र शिकायला गेला, सावकाश हालचालींचं, ताकद न लावता करायचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते असोसिएशनमधून बाहेर पडले आणि स्वतःची संघटना काढली; तिचे वर्ग आज आपल्याकडे भारतातही चालतात. त्यांचे म्हातारपणचे व्हिडिओ शोधून बघ. पांढरे केस, खांदे सैल, पाऊल जमिनीवर असं पडतं की आवाज नाही, आणि पुढच्याच क्षणी सगळा देह त्या एका ठोशामागे. मी कराटेतली नाही, तरी ते बघताना मला भरून आलं होतं.

तुलाही शिकवायचंय ना? कॉलेज झालं की स्वतःचा क्लास काढेन, मुलींसाठी, असं तूच म्हणालीस. मला ते मनापासून पटलंय. तुझ्या बाबांनी तर मागच्या खोलीतलं सामान हलवायलाही सुरुवात केलीय. म्हणून हे मनगट मला या रविवारपेक्षा मोलाचं वाटतं.

स्पर्धेला जाऊच नकोस असं मी म्हणत नाही. जा, पण प्लास्टर घालून, आपल्या पोरींच्या कोपऱ्यात उभी राहायला. त्या यलो बेल्टवाल्या दोघी पहिल्यांदाच उतरतायत, त्यांची नजर तुलाच शोधणार आहे. सरांशी आजच बोल आणि नाव मागे घे. त्यांना वाईट वाटेल, पण ते समजून घेतील.

सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. एक्स-रेची फाइल सोबत आण, मागच्या वेळी रूमवरच राहिली होती. बाबा स्टँडवर घ्यायला येतील.

तुझी,
आई