दिल्लीच्या राष्ट्रीय स्टेडियमचा इतिहासही सांगा

महोदय,

दरवर्षी २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिनानिमित्त मेजर ध्यानचंद यांच्यावर लेख येतात, सोबत दिल्लीतील त्यांच्या नावाच्या स्टेडियमचाही उल्लेख असतो. ध्यानचंद यांचा गौरव करावा तितका थोडाच. पण इंडिया गेटपलीकडच्या त्या वास्तूने काय काय पाहिले, हे नव्या पिढीला कोणी सांगत नाही, याची खंत वाटते.

भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १९३३ मध्ये हे मैदान उभे राहिले. आराखडा कनॉट प्लेसचे वास्तुरचनाकार रॉबर्ट टॉर रसेल यांचा, आणि नाव माजी व्हाइसरॉयचे : आयर्विन अ‍ॅम्फीथिएटर. दुसऱ्याच वर्षी इथे पश्चिम आशियाई स्पर्धा झाल्या. हिंदुस्थान, अफगाणिस्तान, सिलोन आणि पॅलेस्टाइन असे चारच देश आले होते. त्यामागे लाहोरचे गुरुदत्त सोंधी होते. पुढे महायुद्धाने सारेच थांबले, तरी सोंधींनी ध्यास सोडला नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी आशियाई देशांच्या प्रतिनिधींपुढे हीच कल्पना पुन्हा मांडली, आणि ४ मार्च १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी याच मैदानावर पहिल्या आशियाई स्पर्धांचे उद्घाटन केले.

फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, देशात धान्याची टंचाई होती. अशा काळात आपण ११ देशांचे यजमानपद निभावले. युद्धात हरलेल्या जपानला लंडन ऑलिंपिकमध्ये प्रवेश नव्हता; दिल्लीत मात्र त्याचे खेळाडू सन्मानाने उतरले आणि सर्वाधिक पदके घेऊन गेले. नव्या भारताचा हा मोठेपणा शाळेच्या पुस्तकात यावा असा आहे.

आपण दुसरे आलो, १५ सुवर्णपदकांसह. सचिन नाग यांनी जलतरणात सुवर्णपदक मिळवले. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या गोलने इराणला हरवले. महाराष्ट्राने तर हे मैदान विसरताच कामा नये. मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. रोशन मिस्त्री यांना १०० मीटरमध्ये रौप्य, मेरी डिसूझा यांना २०० मीटरमध्ये कांस्य मिळाले. मुलींनी धावणे फारसे रुचत नसलेल्या काळात या दोघी देशासाठी धावल्या. आज मुंबईतल्या किती शाळांमध्ये ही नावे सांगितली जातात?

नंतरचा इतिहास गोडच आहे असे नाही. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून १-७ असा झालेला पराभव इथलाच. तोही सांगितला पाहिजे. २००२ मध्ये स्टेडियमला ध्यानचंद यांचे नाव मिळाले, २०१० च्या हॉकी विश्वचषकाआधी त्याची पुनर्बांधणी झाली.

माझी मागणी साधी आहे. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने स्टेडियमच्या आवारात, तिकीट न काढता पाहता येईल असे, १९५१ च्या स्पर्धांचे कायमस्वरूपी दालन करावे. त्यात छायाचित्रे असावीत आणि सर्व भारतीय पदकविजेत्यांची नावे असावीत, हिंदी-इंग्रजीबरोबर इतर भारतीय भाषांतही. महाराष्ट्र शासनाने पिंटो, मिस्त्री आणि डिसूझा यांच्यावरील पाठ शालेय अभ्यासक्रमात घ्यावेत. आणि आपल्या वृत्तपत्राने येत्या क्रीडा दिनाच्या पुरवणीत या मैदानाला एक पूर्ण पान द्यावे, ही विनंती.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक, सातारा