जांभळी नाक्यावरच्या हरभरेवाल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

भोगीच्या आदल्या संध्याकाळी ठाण्याच्या बाजारात काहीही खपतं. किडकी बोरं खपतात, वाळका ऊस खपतो, मग हरभरा कसा आहे हे कोण बघतो? अशा गर्दीत तुम्ही हरभऱ्याच्या हिरव्या शेंगा, म्हणजे घाटे, अर्धा किलो काट्यावर टाकलेत, वजन बरोबर भरलं, आणि तरी पुन्हा त्यात हात घातलात. एकेक घाटा अंगठ्याखाली दाबून पाहिलात. आठ-दहा घाटे उचलून आपल्याच टोपलीत परत टाकलेत आणि तेवढेच दुसरे घातलेत. मागे दोघं-तिघं कुरकुरत होते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "फुगलाय म्हणून भरलाय असं नसतं, ताई."

हे पत्र त्या अंगठ्यासाठी आहे.

कारण हरभऱ्यात गिऱ्हाईक फसतं ते नेमकं इथेच. घाट्याचं टरफल आधी पूर्ण वाढतं, दाणा मागाहून भरतो. म्हणून बाहेरून टपोरा दिसणारा घाटा आत निव्वळ हवेचा फुगा असू शकतो, नाहीतर मोहरीएवढा दाणा घेऊन बसलेला. भरलेल्यातही एक किंवा दोनच दाणे. दाबल्यावर अंगठ्याखाली दाणा गोळीसारखा फिरला, टरफल हिरवं असलं आणि सोललेल्या दाण्यात नख सहज रुतलं, की माल कोवळा. टरफल पिवळट पडून दाणा खड्यासारखा लागला तर तो जून. त्याची उसळ करावी, नुसता खायला घेऊ नये. आणि टरफलाला गोल भोक दिसलं की घाटेअळी येऊन गेली म्हणायची, किंवा अजून आतच आहे. तुम्ही असलेही दोन घाटे काढलेत, तेही न सांगता.

आता ज्यांनी यापूर्वी हिरवे हरभरे म्हणून काय काय गळ्यात मारलं त्यांच्याबद्दल. एका चकचकीत दुकानात काचेआड सोललेल्या दाण्यांच्या डब्या असतात, सगळे दाणे एकसारखे पोपटी. एका झाडाचे दाणे तरी कधी एका रंगाचे असतात का? कुठे फिका, कुठे गर्द, एखादा पिवळसर. असा एकरंगी माल वाडगाभर पाण्यात अर्धा तास ठेवावा. पाणी हिरवं झालं तर रंग मारलेला आहे, सरळ टाकून द्यावा. रंग नाही सुटला तरी तो वाळका हिरवा चणा भिजवून सोलाणे, म्हणजे ताजे सोललेले दाणे, म्हणून विकलेला असू शकतो. एक दाणा चावून पाहिला की कळतं. ताजा गोडसर, ओल्या मटारासारखा लागतो. भिजवलेला कच्च्या डाळीसारखा लागतो आणि कडकन दुभंगतो. त्या दुकानात हे विचारलं तर "मॅडम, प्रीमियम आहे" एवढं उत्तर मिळतं.

तुम्ही निवडून दिलेल्या घाट्यांचं पुढे काय झालं, तेही सांगते. निम्मे भाजले. आधी पाण्यातून दोनदा काढले, कारण टरफलावरची आंब ओठांना झोंबते. काहींना ती आंबटसर चव हवीच असते, त्यांनी एकदाच धुवावेत. मग जाड लोखंडी कढई, तेल नाही, मध्यम आच, सात-आठ मिनिटं सारखे हलवत. टरफलांवर काळे डाग पडले आणि एखादा घाटा तडकला की पाव वाटी पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून शिंपडायचं, झाकण घालायचं, गॅस बंद, तीन मिनिटं. या भाजण्यात दाणा शिजतो तो टरफलात कोंडलेल्या स्वतःच्याच वाफेवर. भोक पडलेल्या घाट्यातली वाफ निघून जाते, त्याचा दाणा चिवट राहतो. पोचट घाट्यात वाफ व्हायला दाणाच नसतो, तो आधी जळतो आणि त्याचा कडू धूर बाकीच्यांना लागतो. तुमचा अंगठा वजनापुरता नव्हता हे कढईपाशी कळतं.

उरलेल्या घाट्यांचे दाणे वाटीभर निघाले. दोन वाट्या उकळत्या पाण्यात थोडं मीठ घालून ते टाकायचे, चार ते पाच मिनिटं, झाकण न ठेवता. झाकण ठेवलं की दाण्यातलं आम्ल वाफेबरोबर बाहेर न जाता परत पाण्यात पडतं आणि हिरवा दाणा मेंदीच्या रंगाचा होतो. लिंबूही म्हणूनच शेवटी, गॅस बंद केल्यावर. रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा घाला असं सांगणाऱ्या सुगरणी खूप आहेत. रंग टिकतो, पण साल सुटून गिचका होतो आणि जीवनसत्त्वं जातात ती वेगळीच. कुकरच्या तीन शिट्ट्या सांगणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. दाणे निथळून वर गार पाणी ओतायचं, फडक्यावर कोरडे करायचे आणि मगच चमचाभर तेलात जिरं, मिरची, कढीपत्ता घालून मिनिटभर परतायचे. ओले किंवा कच्चे दाणे थेट तापल्या तेलात टाकले तर सालीआडच्या पाण्याची वाफ होऊन ते फटाक्यासारखे उडतात. वर ओलं खोबरं.

ओल्या हरभऱ्याने रक्तातली साखर उतरते, वजन घटतं असले संदेश मोबाइलवर फिरत असतात. ओल्या दाण्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं, त्यामुळे वजनाला वजन धरलं तर वाळल्या चण्याइतकी प्रथिनं त्यात नसतात. पण चार वाजता वाटीभर खाल्ले की जेवणापर्यंत फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही, हे मात्र खरं.

आणखी एक. मी प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली तर तुम्ही ती बाजूला सारून घाटे वर्तमानपत्रात बांधलेत. "पिशवीत घाम सुटतो." अगदी खरं. पिशवीत कोंडलेले घाटे दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होतात, कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर तीन-चार दिवस नीट राहतात. सोलून मात्र ठेवू नयेत, दाण्यातल्या साखरेचं पीठ होत जातं आणि गोडी उतरते. ठेवायचेच तर दोन मिनिटं उकळून, बर्फाच्या पाण्यात काढून, कोरडे करून फ्रीझरमध्ये.

पोचट घाट्याचंही वजन लागतं आणि पैसेही. ते तुमच्या टोपलीत गेले, आमच्या घरी आले नाहीत. एवढ्याशा गोष्टीचं काय, असं म्हणणारे म्हणोत. शहाळं फोडताना "मलाई नको ना" असं आधी विचारणारा, सुटे नसले तर "उद्या द्या" म्हणणारा, अशी माणसं या शहरात अजून आहेत. त्यांच्या दुकानावर पाटी नसते म्हणून ती चटकन दिसत नाहीत.

शनिवारी येते, किलोभर ठेवा. डहाळ्यांसकट असले तरी चालतील, खुडायचं काम आमचं. दाबून मात्र तुम्हीच द्या.

तुमची एक गिऱ्हाईक,
नौपाडा, ठाणे