आण्णा तुझंच ऐकतील

विन्या,

इतके महिने गप्प होतो म्हणून चिडला असशील, चीड, पण आधी हे वाच. तब्येत ठीक, पाठ कुरकुरते, बस.

आण्णांचं घर आवरतोय. बंद फोनांचे चार्जर, कुलूप हरवलेल्या चाव्या, सगळं काढू दिलं त्यांनी, पण ज्ञानकोशाच्या खंडांना हात लावला की दारात उभे! हट्टी म्हणू नकोस हां. कानेमन आणि थेलर या संशोधक मंडळींचा १९९० चा प्रयोग आहे, कॉफीचा मग नुसता हातात आला तरी माणसं तो विकायला घेणाऱ्याच्या साधारण दुप्पट किंमत मागतात. आण्णांचा तर जन्म गेलाय त्या खंडांसोबत.

खंड राहू देत रे, जागा आहे. मला भीती आहे ती आतल्या एका पानाची. अल्सर टेन्शनने आणि तिखटाने होतो असं छापलंय, आणि आण्णा तेच धरून बसलेत, पोट दुखलं की फिकं खायचं, शांत राहायचं, डॉक्टर नको. अरे १९८४ ला बॅरी मार्शल नावाचा डॉक्टर हेलिकोबॅक्टर पायलोरीचे जंतू स्वतः प्यायला आणि जठराला सूज आणून दाखवली, त्याला आणि रॉबिन वॉरनला २००५ चं नोबेल मिळालं! बहुतेक अल्सर या जंतूंमुळे नाहीतर दुखण्याच्या गोळ्यांमुळे होतात, आणि आण्णा गुडघ्यासाठी त्याच गोळ्या घेतात. जंतूंसाठी श्वासाची साधी टेस्ट असते, निघाले तर साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक आणि ॲसिडची गोळी. मी बोललो की म्हणतात, "छापलेलं खोटं असतं का?"

प्लूटो आठवतो? २००६ च्या ऑगस्टमध्ये त्याचं ग्रहपद गेलं आणि तू त्यांच्या खंडात पेन्सिलीने नऊचे आठ केलेस. तुला घरात घेईनात, तर तू खिडकीतून भाषण ठोकत होतास! (त्या नादात माझं स्टूल मोडलंस, ते भांडण अजून मिटलेलं नाही.) काल ते पान सापडलं. तुझा आठ आण्णांनी शाईने गिरवलाय. आपल्याला कधी बोलले नाहीत.

म्हणून तूच फोन कर, रविवारी सकाळी, माझं नाव न घेता. आधी गोळीचं नाव विचार, मग टेस्टचं काढ. आणि शौचाला काळं होतं का, म्हणजे आत रक्त जातंय का, तेही विचार, मला सांगत नाहीत. हो म्हणाले तर लगेच मला कळव, त्याच दिवशी उचलून नेतो.

नवी नोकरी कशी आहे? पिल्लू चालायला लागलं का? मीनाला नमस्कार.

तुझा,
सुध्या