चिचुंद्रीचं टेन्शन घेऊ नको

प्रिय आई (आणि बाबा, तुम्हाला ती वाचून दाखवेलच),

मी मजेत आहे, हे आधीच लिहून टाकते नाहीतर तू बाकीचं धड वाचणार नाहीस. जेवण वेळेवर, झोप वेळेवर, तू दिलेलं तिखट अजून अर्धा डबा आहे.

मी इथे जर्मनीत लॅबमध्ये ज्या बोर्ना व्हायरसवर काम करते, त्याबद्दल मामाने तुला गूगल करून काय काय सांगितलं ते कळलं मला, परवा फोनवर तुझा आवाजच वेगळा होता. तर ऐक. बोर्ना व्हायरस मेंदूत गेला की माणूस सहसा वाचत नाही, हे खरं, लपवत नाही. पण आठ कोटींच्या जर्मनीत वर्षाला दहाच्या आत पेशंट गं! जास्तीत जास्त इकडे बव्हेरियात, तेही मान्य. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, फक्त एका दात्याचे अवयव तिघांना बसवले त्यातून गेला होता, ते 2018 ला छापून आलं. आणि आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुऱ्यात 1965 ला सापडलेला तो मेंदूज्वराचा व्हायरस? त्याच्या शेजारी मोठी झालीच ना मी. बोर्ना पण गावाचंच नाव आहे, 1885 ला तिथे या रोगाने घोडे मेले म्हणून रोगाला ते पडलं.

हा बोर्ना येतो चिचुंद्रीकडून. आपल्या मोरीतली वास मारणारी नाही, इथली शेतातली, पाठ तपकिरी आणि पोट पांढरंशुभ्र, अंगठ्याएवढी. तिला स्वतःला काही होत नाही, मांजरं मारतात पण खात नाहीत, अंगणात टाकून देतात. तिच्यातून माणसात नेमका कसा जातो ते मात्र अजून कुणालाच धड कळलेलं नाही, कारण पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा बोलायच्या अवस्थेतच नसतो, मग घरच्यांना विचारायचं, मांजर होती का, लाकडं कुठे रचायचे.

आधी काय शोधायचं यावर मागच्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये दोन तास भांडण झालं. कोणी म्हणे लागण कशी होते ते, कोणी म्हणे औषध. बाबा, कोविडमध्ये तुम्हाला दिल्या होत्या ना त्या फेविपिराविरच्या गोळ्या, त्या डिशमध्ये (लॅबमध्ये पेशी वाढवतो त्या बशीत) याला अडवतात, पण इतक्या कमी पेशंटवर ट्रायल करणार कशी. त्यात अर्धी नासधूस आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी करतात, व्हायरस बसलेल्या मेंदूच्या पेशी मारत सुटतात. माझं मत, आधी टेस्ट. सुरुवातीला नुसता ताप, डोकं दुखणं, बोलण्यात गोंधळ, पाठीतलं पाणी काढून तपासलं तरी बरेचदा हुकतो, पूर्वी तर बहुतेकांचं मेल्यावर मेंदू तपासूनच कळायचं. उशिरा कळलं तर औषध असून काय करणार? सर ऐकून घेतात आणि मान हलवतात, इथे मान हलवली म्हणजे हो नसतं.

माझं काम डिशमधलं. हा व्हायरस पेशी मारत नाही, गपचूप तिच्या केंद्रात जाऊन बसतो आणि पेशी वाढत राहते, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर एकदम ठणठणीत. रंग लावून अंधाऱ्या खोलीत बघितलं की मग हिरवे ठिपके दिसतात. दोन-दोन हातमोजे घालते, त्यामुळे ते विचारू नको.

पण इथलं खरं संकट म्हणजे खिडक्या! बाहेर उणे पाच असलं तरी ही माणसं सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडतात, हीटर बंद करून, घड्याळ लावून दहा मिनिटं. नुसती फट ठेवलेली चालत नाही, त्याने भिंत गार पडते आणि बुरशी धरते म्हणे, आणि बुरशी धरली की डिपॉझिट गेलं. त्याला लुफ्टन म्हणतात, माझ्या भाड्याच्या करारात त्याचा वेगळा परिच्छेद आहे. फोडणी दिली की तर घरमालकीण आजी वरून येऊन स्वतः उघडते, मी स्वेटर घालून वरण खाते. ऑफिसात पण तेच, कोणी बोलता बोलता उठतं, खिडकी उघडतं, सगळे कुडकुडतात आणि कोणी काही म्हणत नाही. अडीच वर्षं झाली, मला अजून पटलेलं नाही.

बरं, 80 हजार टाकलेत, त्यातले हॉलच्या ॲडव्हान्सला द्या, पण माझा लोनचा हप्ता त्यातून भरू नका, तो वेगळा जातो. पावती घ्या. छोटीच्या साक्षगंधाला मी येत नाहीये. व्हिसाची तारीख नेमकी त्याच आठवड्यात मिळाली, दुसरी मागितली तर तीन महिन्यांनी देतात, मी दोनदा मेल केला. लग्नाला येणार म्हणजे येणार, तिकीट बघून ठेवलंय. धाकटीचं आधी होतंय म्हणून काकू बोलल्या असतील तर बोलू दे, छोटीला त्याचं मनावर घेऊ देऊ नको. अमरावतीच्या त्या मुलाचा बायोडाटा बघितला, चांगला आहे, पण आत्ता नको गं, खरंच.

त्या दिवशी व्हिडिओ कॉल लावशील ना? फोन देव्हाऱ्यापाशी टेकवून ठेव, हातात धरू नको, मागच्या वेळी मला पूर्णवेळ पंखाच दिसला.

तुझी,
ताई (छोटीने हसू नये)