काका, त्या डबल बेलसाठी

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून फोन ठेवला असता. म्हणून चारचौघांसमोर लिहितोय.

मी सदाशिव पेठेत तुमच्याकडे फिल्म घेऊन आलो तेव्हा तिच्या प्रत्येक कटवर संगीत होतं. तुम्ही आधी तो ट्रॅकच म्यूट केलात. स्वयंपाकघरातला प्रसंग उघडा पडला! आईच्या शॉटमध्ये पंख्याची घरघर, मुलाच्या शॉटमध्ये पंखा बंद. दर कटला खोली बदलतेय असं वाटत होतं. ‘रूम टोन कुठाय?’ तुम्ही विचारलंत. म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा स्वतःचा आवाज. मी घेतलाच नव्हता. त्याच रात्री मला परत त्या घरी पिटाळलंत. फ्रीज बंद, पंखा चालू, कुणी बोलायचं नाही, दोन मिनिटं रेकॉर्डिंग. (शेजारच्या आजींना चोर शिरल्यासारखं वाटलं, ते वेगळंच.) ती घरघर मुलाच्या शॉटखाली पसरली आणि खोली एक झाली.

पण खरे आभार पुढच्या जागेचे. आई विचारते, ‘आता कधी येशील?’ मुलगा गप्प. मग कट, स्वारगेटवरून सुटणारी एसटी. मी कुकरच्या शिट्टीतून बसचा हॉर्न काढणार होतो. ‘हे सगळेच करतात,’ म्हणालात. तुम्ही कंडक्टरची डबल बेल चित्राच्या आधी आणलीत, मुलाच्या चेहऱ्यावर. आईला उत्तर मिळालं!

मी हावरटपणे ती 2 सेकंद अलीकडे ओढली, तर घरातच कुठेतरी घंटा वाजतेय असं वाटायला लागलं. एकेक फ्रेम सरकवत तुम्ही कटच्या 18 फ्रेम आधी थांबलात. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर पाऊण सेकंदही नाही. टाइमलाइनवर चित्राच्या खाली डावीकडे आवाजाची शेपटी निघाली, इंग्रजी J सारखी, म्हणून हा जे-कट, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. एल-कट उलटा: फोन ठेवल्यावरही आईकडचा रेडिओ मुलाच्या हॉस्टेलच्या खोलीवर रेंगाळतो तो. तिथे एक आवाज विरत दुसरा चढतो त्या माझ्या सरळ रेषेतल्या क्रॉसफेडमुळे आवाज मधेच खचत होता. तुम्ही नुसता मधेही आवाज टिकवून धरणारा ‘इक्वल पॉवर’ क्रॉसफेड निवडलात आणि चहा मागितलात.

परवा लॉ कॉलेज रोडवर मित्राच्या खोलीत सात-आठ जणांना फिल्म दाखवली. बेलपाशी एकजण हळूच ‘गेला’ म्हणाला. बस अजून पडद्यावर यायची होती.

तुमचे हेडफोन माझ्याकडेच आहेत. रविवारी आणून देतो.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा