बर्दियातल्या बेपत्ता माणसांची नोंद राखण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

नेपाळच्या पश्चिम तराईत, भारताच्या सीमेला लागून आमचा बर्दिया जिल्हा आहे. १३ फेब्रुवारी १९९६ ला सुरू झालेलं माओवादी युद्ध २१ नोव्हेंबर २००६ च्या शांतता करारानं थांबलं. त्या दहा वर्षांत देशातली सर्वाधिक माणसं बेपत्ता झाली ती याच जिल्ह्यातून. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं डिसेंबर २००८ मध्ये आमच्या जिल्ह्यावर वेगळा अहवाल काढला. त्यांनी तपासलेल्या १७० जणांपैकी १५६ जणांना सुरक्षा दलांनी नेलं होतं, १४ जणांना माओवाद्यांनी. बहुतेक जण थारू, म्हणजे तराईतल्या आदिवासी समाजाचे. आम्ही या माणसांचे नातेवाईक. आमची छोटीशी समिती आहे आणि हे आवाहन तिच्या वतीनं करत आहोत.

नोव्हेंबर २००१ मध्ये आणीबाणी लागली आणि सैन्य गावागावांत आलं. पुढचं वर्षभर रात्री-अपरात्री गाड्या येत, नाव विचारत, ‘चौकशी करून सोडतो’ म्हणत आणि माणूस घेऊन जात. चिसापानीच्या लष्करी बराकीच्या फाटकावरून ‘इथे असा कुणी नाही’ हे उत्तर ऐकून परतलेल्या बायका आजही गावात आहेत. नेलेल्यांत शेतमजूर होते, शाळकरी मुलं होती, जुलै २००० मध्ये कमैया या वेठबिगारीतून नुकतेच सुटलेले गडी होते. जमिनीवर हक्क सांगणारा माणूस जमीनदारानं बोट दाखवलं की माओवादी ठरायचा. काही जण खरोखरच माओवादी होते, ते आम्ही लपवत नाही. पण पकडलेल्या माणसाला न्यायालयासमोर उभं करायचं असतं, एवढंच आमचं म्हणणं तेव्हाही होतं.

आमच्या रस्त्यांवर शहीद गेटांची कमी नाही. पक्षांनी आपापल्या मृतांसाठी ती उभारली, दर निवडणुकीआधी त्यांना नवा रंगही मिळतो. बेपत्ता माणूस मात्र कुठल्याच कमानीवर बसत नाही. तो मेल्याचं कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तो शहीद नाही. त्याच्या बायकोनं सिंदूर लावला तर सासरचे बोलतात, पुसला तर शेजारचे. सरकारनं हप्त्याहप्त्यानं कुटुंबामागे १० लाख नेपाळी रुपये दिले, ते आम्ही घेतले, आणि तेव्हापासून ‘आता आणखी काय हवं?’ हा प्रश्न ऐकतो आहोत. आम्हाला हवंय ते एवढंच: कुणाला, कधी, कुठून, कुणी नेलं याची अशी नोंद, जी आमच्यानंतरही कुणाला खोडता येणार नाही.

ही नोंद सध्या घराघरांत पडून आहे. थारू घरात धान्य साठवायची मातीची उंच कणगी असते, तिला डेहरी म्हणतात. कागद तिच्यावर ठेवायची आमच्याकडे रीत आहे, कारण पुराचं पाणी तिथवर सहसा चढत नाही. ऑगस्ट २०१४ च्या पुरात ते चढलं. गेल्या हिवाळ्यात एका घरातून खताची जुनी पिशवी निघाली. आत नागरिकता प्रमाणपत्राची छायाप्रत, दहावीचा निकाल, जिल्हा कार्यालयाला दिलेल्या अर्जाची पोच आणि पासपोर्ट आकाराचा एक फोटो होता. फोटोतल्या चेहऱ्याचा डावा भाग वाळवीनं खाल्लेला. त्या मुलाचा दुसरा फोटो त्या घरात नाही. आम्ही तो काचेखाली ठेवून मोबाइलनं टिपला. आजवरचं आमचं बहुतेक काम असंच, हाताशी असेल त्या साधनांनी चाललंय.

सरकारी दप्तरावर विसंबून राहावं, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तसंच समजत होतो. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये चौकशी आयोग नेमायला सांगितलं, तो नेमायला फेब्रुवारी २०१५ उजाडलं. आमच्या तक्रारी तिथे गेल्या, कित्येकांनी मूळ कागदही देऊन टाकले. आयोगाला मुदतवाढ किती वेळा मिळाली, ते मोजणं आम्ही सोडून दिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगाचा कायदा दुरुस्त झाला, म्हणजे साक्षी पुन्हा लागणार. आणि ९ सप्टेंबर २०२५ ला काठमांडूत तरुणांच्या आंदोलनात सिंहदरबार हे सरकारचं मुख्यालय पेटलं, सर्वोच्च न्यायालयाची इमारत पेटली, खटल्यांच्या फायली जळाल्या. एकच प्रत एकाच कपाटात ठेवण्याचा अर्थ त्या दिवशी सगळ्या देशाला कळला.

म्हणून प्रत्येक कागदाची, फोटोची आणि जबानीची डिजिटल प्रत काढून ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायची, असं ठरवलं आहे. त्यासाठी एक चांगला स्कॅनर, हार्ड डिस्क, आवाज टिपायची दोन यंत्रं, कागद टिकतील अशा आम्लरहित पेट्या आणि दोन तरुणांचं वर्षभराचं मानधन लागेल. हा सगळा खर्च सुमारे ६ लाख नेपाळी रुपये आहे. पैशांऐवजी वापरात असलेलं पण चालू यंत्र दिलंत तरी चालेल.

पैशांपेक्षा निकडीची आहेत ती माणसं. आई-वडिलांची पिढी सत्तरीच्या पुढे गेली आहे आणि ती थारूतच बोलते. साक्ष नेपाळीत उतरवली की तिच्यातलं बरंच गळतं. थारू ऐकून थारूतच लिहून काढणारे हात आम्हाला हवे आहेत. कागदांचं जतन जाणणारे कुणी आठवडाभर येऊन आमच्या मुलांना शिकवू शकले, तर राहण्या-जेवणाची सोय आमच्याकडे. युद्धाच्या काळात इथली कित्येक माणसं सीमा ओलांडून भारतातल्या शहरांत कामाला गेली, ती तिथेच राहिली. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर जुने फोटो, पत्रं आहेत का, एवढं विचारा. कुणालाही बोलायला भाग पाडू नका.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. माओवाद्यांनी नेलेल्या १४ जणांची घरं आमच्या समितीत आहेत. त्यांच्या जबान्या वगळा, अशी अट घालणारी देणगी आम्ही घेणार नाही. आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांच्या साक्षी वेगळ्या, कुलूपबंद राहतील. त्या काळी बलात्काराची तक्रार ३५ दिवसांत करावी लागे. सैनिक गावातच तळ ठोकून असताना ती कोण करणार होतं? सरकारी मदतीच्या यादीतही त्यांना जागा मिळाली नाही. त्यांनी होकार दिल्याशिवाय त्यांचा एक शब्दही बाहेर जाणार नाही, देणगीदाराला दाखवायलासुद्धा नाही.

स्मारकासाठी पैसे नकोत. पिंपळाखाली वाटसरूंना टेकायला दगडी चौतारी बांधायची आहे, ती आम्ही श्रमदानातून बांधू.

असारात, म्हणजे जूनच्या मध्यापासून, पाऊस लागला की निम्म्या गावांचे रस्ते बंद होतात, त्यामुळे त्याआधीचा जेठ महिना संपण्याआधी यंत्रं हाती आली तर पहिली फेरी यंदाच पुरी होईल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल. हिशेब दर तीन महिन्यांनी समितीच्या बैठकीत वाचला जातो, त्याची प्रत तुम्हालाही पाठवू. मदत करायची असेल तर या आवाहनाला उत्तर द्या आणि पैसे, यंत्र की वेळ, यांपैकी काय देऊ शकता ते कळवा.

आपले नम्र,
बर्दियातील बेपत्तांच्या कुटुंबीयांच्या समितीतर्फे