या गणपतीला येता येणार नाही

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

परवा फोनवर माझ्या मानसोपचाराच्या ऑनलाइन कोर्सबद्दल बाबांनी विचारलं, "फी किती आहे? एफडी मोडू का?" आणि मी विषय बदलला. वाईट वाटून घेऊ नका. चिनू मध्येमध्ये फोन ओढत होता, आणि हे मला सावकाश सांगायचं होतं. एफडी मोडायची नाही, बाबा. ती तुमच्या दोघांच्या दवाखान्याची आहे.

आधी आईची शंका. "घरी बसून कॉम्प्युटरवर शिकायचं आणि लोकांना डोक्याची औषधं द्यायची?" आई, ऑनलाइन आहे ती लेक्चर्स आणि अभ्यास. पेशंटसमोरचे तास प्रत्यक्षच भरावे लागतात. मानसोपचाराच्या नर्स प्रॅक्टिशनरची, म्हणजे पेशंट तपासून औषधं लिहून देणाऱ्या नर्सची, परीक्षा द्यायला किमान ५०० तास लागतात, आणि २०२२ साली इथे अमेरिकेत या शिक्षणाचे जे नवे निकष आले त्यात ७५० सांगितलेत. माझ्या कॉलेजात ७५०च आहेत. आठवड्यातले दोन दिवस, आठ-आठ तास धरले तरी वर्ष जातं. तेही एका अनुभवी माणसाच्या हाताखाली, ज्याला इथे प्रिसेप्टर म्हणतात.

बाबांचा प्रश्न, मास्टर्स झालंय तर परत शाळा कशाला? माझं शिक्षण फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचं, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या नेहमीच्या आजारांचं. बीपी, शुगर, दमा, साधं नैराश्य हे मी बघते. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर पुढे पाठवते. पण टेक्सासच्या या भागात पाठवायचं कुठे? आमच्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, मानसोपचारतज्ज्ञच नाही. दूरच्या शहरातली तारीख मिळते तीन-चार महिन्यांनी, आणि तोवर तो माणूस बीपीच्या गोळ्या न्यायला माझ्याकडेच येत राहतो. त्याची आई शेजारच्या खुर्चीत बसते आणि माझ्याकडे बघते. ते बघणं मला माहीत आहे. ते मी आपल्या पडवीत बघितलंय.

मालूआत्याला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात नेलं तेव्हा मी चौथीत होते. त्याआधी वर्षभर गाऱ्हाणी घालून झाली होती, भगत झाला होता, नारळ झाले होते. तिकडून परत आली ती शांत होऊन. आणि मग तिचे हात थरथरायला लागले. चहाची कपबशी हातात घेतली की खुळखुळ वाजायची, म्हणून आई तू तिला पितळेच्या पेल्यात चहा द्यायला लागलीस. सगळ्यांना वाटलं, दुखणं वाढलं. आजीने गोळ्या बंद केल्या आणि तीन महिन्यांत सगळं पहिल्यासारखं झालं. तो कंप गोळीचा होता, आई. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, कंपासाठी वेगळं औषधही देता येतं. एवढं कोणीतरी पडवीत बसून आजीला सांगायला हवं होतं. मला ते सांगणारी व्हायचंय.

आता पैशाचं, कारण बाबा हिशेब मागणारच. हा मास्टर्सनंतरचा सर्टिफिकेट कोर्स आहे, पुन्हा पदवी नाही. इथे अभ्यास क्रेडिट्समध्ये मोजतात आणि फी प्रत्येक क्रेडिटला लागते. आधी मी क्रेडिटची फी बघूनच भुलले. एका ठिकाणी क्रेडिटला ४२० डॉलर, पण क्रेडिट्स ३२, म्हणजे १३,४४०. दुसरं टेक्सासमधलंच सरकारी विद्यापीठ, क्रेडिटला ६१०, पण माझे जुने विषय धरून मला लागतात २१च. १२,८१०. महाग वाटलं तेच स्वस्त निघालं. जुने विषय धरले जाण्याचं श्रेय बाबा तुम्हाला. 'कागद टाकू नकोस' म्हणायचात ना? शरीरतपासणी, विकारशास्त्र आणि औषधशास्त्र हे तीन विषय वेगवेगळे झालेले दाखवावे लागतात, आणि माझ्याकडे तिन्हींचा अभ्यासक्रम पानापानांसकट फाइलला लावलेला होता.

त्या स्वस्त दिसणाऱ्या ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला, प्रिसेप्टर कोण देणार? "तुमचा तुम्ही शोधा." माझी एक मैत्रीण अशीच अडकली. तासाला पैसे मोजून माणूस मिळवला, तो ऐन वेळी नाही म्हणाला, आणि एक सेमिस्टर फी भरून घरी बसली. तिचे डोळे भरलेले बघितलेत मी. म्हणून मी घेतलंय ते कॉलेज स्वतः जागा शोधून देतं. मान्यता नीट आहे का, टेक्सासच्या नर्सिंग बोर्डाला हा कोर्स चालतो का, तेही विचारून घेतलं, कारण ऑनलाइन कोर्स प्रत्येक राज्यात चालतोच असं नाही.

मी काम करते ते क्लिनिक फीसाठी वर्षाला ५,२५० डॉलर देतं, त्यावर टॅक्स लागत नाही. हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात. कोर्स ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या डिसेंबरला संपतो, म्हणजे दोनदा मिळतील, १०,५००. उरलेले दोन-अडीच हजार आणि पुस्तकं आमच्या पगारातून. बदल्यात दोन वर्षं हे क्लिनिक सोडायचं नाही. सोडायचं नव्हतंच.

आता जे सांगायला जीभ उचलत नव्हती ते. या गणपतीला येता येणार नाही, आणि पुढच्याही. पुढच्या वर्षी तर माझे तास ऐन भरात असतील. आई, मखर झाल्यावर लगेच फोन लाव, आमच्याकडे रात्रीचे कितीही वाजलेले असोत. चिनूला आरती पाठ करून घेतेय, 'घालीन लोटांगण'पर्यंत आलाय. पुढच्या डिसेंबरला शेवटचा पेपर झाला की तिकीट काढते, महिनाभराचं.

एक काम आहे. आत्याचा रत्नागिरीचा केसपेपर बाबांच्या त्या निळ्या पत्र्याच्या पेटीत असणार. आत्याला आधी विचारा. ती हो म्हणाली तर दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. तेव्हा तिला नेमकी कोणती गोळी दिली होती ते मला बघायचंय.

तुमची,
सुमा